कोरडं फावडं

आमच्या गावात माणूस मेला की त्याचा खड्डा घरच्यांनी खणायचा नसतो. तो शेजाऱ्यांनी खणायचा. घरच्यांनी व्हिस्कीची बाटली आणि हॅमची सँडविचेस पाठवायची आणि गप्प घरात बसायचं. ज्याच्या घरच्यांना स्वतः फावडं हातात घ्यावं लागतं, त्याची अब्रू त्याच्याबरोबरच पुरली जाते. आयर्लंडच्या या मेयो भागात हे कोणी कोणाला शिकवत नाही, सगळ्यांना ते आपोआप ठाऊक असतं.

आम्हा हॅक्सबींचे खड्डे आम्हीच खणत आलो. पणजोबांचा त्यांच्या मुलाने खणला, आजोबांचा डॅडींनी आणि काकाने मिळून. आमच्याकडची जमीन म्हणजे वर चार बोटं माती आणि खाली खडक, त्यामुळे दोघांना दोन दिवस लागले होते. काका गेला तेव्हा डॅडी ऐंशीचे होते, माझा भाऊ ऑस्ट्रेलियात, म्हणून मी शहरातून खणायचं यंत्र मागवलं. त्या दिवशी डॅडी जेवले नाहीत.

या सगळ्याचं मूळ आमच्या आडनावात होतं. हॅक्सबी हे इकडचं आडनाव नव्हे, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं. गाव सांगतं ते असं की १८८७ च्या नोव्हेंबरात जमीनदाराने मार्टिन हेनेगन या कुळाला घराबाहेर काढलं, पोलिसांनी पहारी लावून छप्पर पाडलं, मार्टिन बायकापोरांना घेऊन अमेरिकेला गेला, आणि त्याची जमीन अमोस हॅक्सबी नावाच्या इंग्रजाने गिळली. काढलेल्या कुळाची जमीन घेणं म्हणजे इथे सगळ्यात मोठा दगा. अमोस म्हणजे माझा पणजोबा. तो पुढे कॅथलिक झाला, ऑनर गॅव्हगन या इथल्याच मुलीशी लग्न केलं, सात मुलं झाली, त्यांतली चार इथल्याच मातीत गेली. काही उपयोग झाला नाही. आम्ही ‘जमीनगिळे’ ते जमीनगिळेच राहिलो. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही, आणि बाई हजेरी घेताना माझं आडनाव जरा लवकर उरकायच्या.

डॅडींनी मात्र हट्ट सोडला नाही. गावात कोणी मेलं की ते सकाळी फावडं खांद्यावर टाकून दफनभूमीच्या फाटकाशी जायचे. आतून कोणीतरी म्हणायचं, “पुरेसे हात आहेत, अँब्रोज.” मग ते टोपीला हात लावून परत यायचे. असं त्यांनी साठ वर्षं केलं. फावडं कोरडं जायचं आणि कोरडंच यायचं, आणि आई ते दारामागे ठेवायची.

मी डेलिया, त्यांची मुलगी. तीस वर्षं जिल्ह्याच्या वाचनालयात जुने कागद सांभाळले. अमेरिकेतून, इंग्लंडमधून लोक यायचे, आमचं मूळ शोधून द्या म्हणायचे, आणि मी शोधून द्यायची. कोणाचा खापरपणजोबा कुठल्या बोटीने गेला, कोणाचं आडनाव कुठून आलं, सगळं. काही हेनेगनांनी, नावात पक्ष्याचा आयरिश शब्द आहे म्हणून, इंग्रजी अमलात आडनाव बदलून ‘बर्ड’ करून घेतलं होतं, आणि त्यांचे वंशज छाती फुगवून आपण अस्सल इंग्रज असल्याचं सांगायचे. त्यांचा फुगा मी आनंदाने फोडायची. आमच्या घराण्याच्या कागदांना मात्र मी कधी हात लावला नाही. मला भीती वाटायची, आणि भीती एकच होती, की गाव म्हणतं ते खरं निघेल.

मग लोरेटाची चिठ्ठी आली. लोरेटा मार्टिन हेनेगनची पणती, अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूट गावची निवृत्त परिचारिका. वाचनालयाने तिला माझं नाव दिलं होतं. तिला सगळं हवं होतं. हेनेगन आले कुठून, मार्टिनचं घर नेमकं कुठे होतं, त्याची जमीन पुढे कोणाला मिळाली. त्या पडक्या घरापाशी ती एक दगड बसवणार होती, नावं कोरून. माझं आडनाव वाचूनही तिच्या काही लक्षात आलं नाही. मी एक दिवस विचार केला आणि काम घेतलं. डॅडी नव्वदचे झाले होते, आणि दवाखान्यातली बाई मला बाजूला घेऊन ‘आता आठवडे मोजा’ म्हणाली होती.

आधी मी यॉर्कला पत्र घातलं. अमोस हॅक्सबी, पाथरवटाचा मुलगा. १८८७ च्या नोव्हेंबरात तो एकवीस वर्षांचा होता आणि यॉर्कमध्येच एका कारागिराच्या हाताखाली दगड घडवायला शिकत होता. इकडे आला १८९१ मध्ये, नव्या रेल्वेच्या पुलांचं काम करायला. छप्पर पाडलं त्या दिवशी तो इथे नव्हताच.

मग डब्लिनला गेले. तिथे जमिनीच्या जुन्या वह्या आहेत. कूळ बदललं की कारकून जुनं नाव खोडायचा आणि वर नवं लिहायचा, आणि दर वर्षी शाईचा रंग बदलायचा, म्हणजे कोणता बदल कधीचा ते नुसत्या रंगावरून कळावं. आमच्या शेताची ओळ सापडायला पाच मिनिटं लागली. काळ्या शाईत मार्टिन हेनेगन. तो लाल शाईने खोडलेला, वर लाल शाईतच नवं नाव, १८८८. पुढे तेही निळ्या शाईने खोडलेलं, आणि निळ्या शाईत अमोस हॅक्सबी, १८९२.

मधलं लाल नाव होतं ल्यूक हेनेगन. मार्टिनचा सख्खा भाऊ.

जमीन भावाने घेतली होती. गावाला तिथे चार वर्षं जमीनदाराच्या कारभाऱ्याची गुरं चरताना दिसली, आणि गाव म्हणालं, बघा, साहेबाने पडीक ठेवली. ती गुरं ल्यूकनेच चरू दिली होती, स्वतः पडद्याआड राहून. मग रेल्वेवर एक इंग्रज पाथरवट आला, त्याला बायको करायची होती, चार एकर हवी होती, आणि त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. ल्यूकने ती जमीन त्याच्या गळ्यात बांधली, आलेल्या पैशातून चौकात पब उघडला, आणि भावाच्या नावाने सगळ्यांदेखत डोळे पुसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे दोर चोरानेच वळून दिला होता. नाव इंग्रजी ना, मग माणूस साहेबाचाच असणार. आमच्या लोकांना एवढा पुरावा पुष्कळ होतो. वही कोणी उघडून पाहिली नाही. उघडायची गरजच कोणाला वाटली नाही.

त्या कागदाची प्रत पर्समध्ये घालून मी आगगाडीत बसले तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. मला फक्त संताप आला होता. आईची आठवण येत होती, दुकानात तिला सगळ्यात शेवटी सामान मिळायचं त्याची.

गुरुवारी संध्याकाळी डॅडींना सांगितलं. त्यांची खाट स्वयंपाकघरात चुलीजवळ आणली होती. मी कागद वाचला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

“ल्यूक म्हणजे पबवाल्या मॅलकीचा कोण?” त्यांनी विचारलं.

“पणजोबा.”

“हं.” त्यांचे डोळे मिटलेलेच राहिले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, “मॅलकीच्या शेजाऱ्याच्या खड्ड्यालाही गेलो होतो मी. पाऊस होता. सगळ्यांत जोरात तोच ओरडला होता, हा मॅलकी. पुरेसे हात आहेत म्हणून.”

“मी गावासमोर वाचणार आहे हे, डॅडी. लोरेटाचा दगड बसवतील ना, त्या दिवशी. सगळे असतील.”

“वाच की. छान वाचतेस तू.” त्यांनी माझा हात थोपटला. “पण कागद काही खड्डा खणत नाही, पोरी. मला माणसं हवीत. सहा. दोघं खणतायत, चौघं काठावर उभी राहून त्यांची टिंगल करतायत. आपल्या तिकडच्या खड्ड्यांना कधी कोणी हसलंच नाही.”

“तुम्ही काही मरत नाही आहात.”

“नाही कसा? नव्वद झाली. लोक काय म्हणतील, जमीन गिळली आता वर्षंही गिळतोय.” ते हसले, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, “कोणाचा बाप काढू नकोस, डेलिया. आपला काढला त्यांनी, तेवढं पुरे झालं.”

मी ऐकलं नाही. शुक्रवारी दुपारी मॅलकीच्या पबमध्ये गेले. मॅलकी हेनेगन माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. गावातला एकुलता एक पब त्याचा, मागचं दुकान त्याचं, आणि प्रेतपेट्यांचा धंदाही त्याचाच. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ना, मॅलकी ते पाव लावून खातो. दगड बसवायला अमेरिकेहून आलेली लोरेटा वरच्याच खोलीत उतरली होती, त्या वेळी समुद्र बघायला गेली होती.

मी कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने चष्मा लावला, वाचला, काउंटर पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि कागद बोटाने माझ्याकडे सरकवला. त्याला जराही धक्का बसला नाही. तेव्हाच मला कळलं.

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले.

“आजोबांनी मरताना बापाला सांगितलं. बापाने मला.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“मग काय दवंडी पिटायची होती?” तो हळू आवाजात म्हणाला. “हे बघ डेलिया, कोणाच्या तरी माथी ते बसणारच होतं. तुमचं नाव तसं होतं. सोयीचं होतं.”

“साठ वर्षं तो माणूस फावडं घेऊन येत होता, मॅलकी. तू त्याला परत पाठवलंस. तुला ठाऊक असून.”

“मी एकट्याने थोडंच पाठवलं.” त्याने दाराकडे पाहिलं. “झाकली मूठ आहे ती. झाकलेलीच राहू दे. माझी नातवंडं आहेत या गावात.”

“माझ्या बापालाही मुलं होती या गावात,” मी म्हणाले आणि कागद उचलून निघाले. दगड बसवायच्या दिवशी वाचणार, हेही सांगितलं. त्याचा चेहरा उतरलेला पाहून घरी येईपर्यंत मला फार बरं वाटलं.

शनिवारी दुपारी डॅडी गेले. मी बटाटे सोलत होते. त्यांनी कोरडं आलंय का विचारलं, बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांविषयी, आणि मी बाहेर बघून येऊन हो म्हणेपर्यंत ते नव्हते.

पेटी घेऊन मॅलकीच आला, रविवारी प्रार्थना सुटल्यावर. दुसरा कोण येणार. त्याने डॅडींना नीट निजवलं, कॉलर सरळ केली, हात जुळवले. ते काम त्याला येतं. मग टोपी हातात घेऊन चुलीपाशी उभा राहिला.

“मंगळवारी दफन,” तो म्हणाला. “म्हणजे उद्या खणायला हवं.”

“मी खणेन.”

“तू छपन्नची आहेस, डेलिया. आणि तुमच्या कोपऱ्यात खडक आहे. यंत्रही मिळणार नाही, सोमवारी बँकेची सुट्टी.” तो थांबला. “शिवाय उद्या सोमवार आहे.”

सोमवारी आमच्याकडे खड्डा उघडत नाहीत, अपशकुन मानतात. सोमवारी खणायचाच असेल तर आदल्या दिवशी, रविवारी, अंधार पडायच्या आत मातीचं एक ढेकूळ उलटून ठेवायचं, म्हणजे काम रविवारी सुरू झालं असं होतं. हे ढेकूळही शेजाऱ्यानेच उलटायचं.

“मी माणसं देतो,” मॅलकी म्हणाला. “सहा. माझा मुलगाही येईल. ढेकूळ मी स्वतः उलटतो, आत्ता, इथून जाताना. आणि आज रात्री अँब्रोजजवळ जागायला सगळं गाव येईल तुझ्या घरी, बघ तू. मी शब्द टाकला की येतील.”

“आणि?”

“लोरेटा संध्याकाळी भेटायला येणार आहे. ती तुला विचारेल, जमीन कोणाला मिळाली.” त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. “गाव सांगतं तेच सांग. तो कागद मला दे.”

“वही डब्लिनमध्येच आहे, मॅलकी. ती कुठे लपवणार?”

“सव्वाशे वर्षं तिथेच होती. कोण गेलं बघायला?”

मी त्याला घालवून द्यायला हवं होतं. आजही रोज वाटतं. पण डॅडी पलीकडे पडले होते, कॉलर सरळ करून, आणि दारामागे त्यांचं फावडं होतं. सहा माणसं, ते म्हणाले होते. जन्मभर त्या माणसाने दुसरं काही मागितलं नव्हतं. मी पर्स उघडली. मॅलकीने कागदाची घडी केली, आतल्या खिशात ठेवली, आणि मी खिडकीतून पाहत राहिले. तो खरंच दफनभूमीत शिरला आणि पाच मिनिटांनी बुटांची माती झटकत बाहेर आला.

संध्याकाळी घर भरलं. माझ्या आयुष्यात आमच्या स्वयंपाकघरात एवढी माणसं मी पाहिली नव्हती. बायकांनी केक आणले, कोणी खुर्च्या आणल्या, जपमाळ झाली, डॅडींच्या कपाळाला हात लावून लोक ‘भला माणूस होता’ म्हणाले. साठ वर्षांत ज्यांनी त्यांना चहा विचारला नाही ते माझा चहा पीत होते, आणि मी पुन्हा पुन्हा किटली भरत होते.

लोरेटा माझ्यामागे न्हाणीघराच्या बोळापर्यंत आली. चांगली बाई होती, डोळे भरून आले होते तिचे.

“आज विचारायची वेळ नाही हे कळतंय मला,” ती म्हणाली. “पण मॅलकी म्हणाले, तुम्हाला कागद मिळालाय. दगडावर कोरायचंय, मंगळवारपर्यंत मजकूर द्यायचाय. जमीन कोणी घेतली, डेलिया?”

बोळातून मला मॅलकी दिसत होता. तो कोणाला तरी साखर देत होता.

“अमोस हॅक्सबी,” मी म्हणाले. “माझ्या पणजोबांनी.”

लोरेटाने तोंडावर हात ठेवला. “तुमच्या? आणि तुम्ही स्वतः शोधून काढलंत? आणि मला सांगताय?” तिने मला मिठीच मारली. “किती धीर लागला असेल.”

तीस वर्षांत मी कोणालाही खोटं मूळ दिलं नव्हतं. पहिलं खोटं दिलं ते माझंच.

सोमवारी सकाळी सँडविचेस आणि बाटली पाठवायला कोणी नव्हतं म्हणून मीच घेऊन गेले. फावडंही घेतलं, का ते मला सांगता येणार नाही. पाय आपोआप फाटकाशी थांबले. आत सहाजण होते. दोघं खड्ड्यात, चौघं काठावर.

“अरे, खडक फोडतोयस की कुरवाळतोयस?” वरचा एकजण म्हणाला.

“तू उतर की खाली. तुझ्या बायकोला सांगतो किती घाम येतो तुला ते,” खालून उत्तर आलं, आणि सगळे हसले. अगदी डॅडींना हवं होतं तसं.

मग मॅलकीच्या मुलाने मला पाहिलं. तो धावत फाटकाशी आला, माझ्या हातातलं फावडं पाहून ओशाळला आणि फार प्रेमाने म्हणाला, “डेलियाताई, पुरेसे हात आहेत.”

त्या पोराला काही माहीत नव्हतं. मी बाटली दिली आणि फावडं घेऊन परत आले.

मंगळवारी पाऊस नव्हता. खड्डा सुरेख झाला होता, कडा सरळ, कोपरे काटकोनात, आणि उघड्या तोंडावर रिवाजाप्रमाणे दोन फावडी एकमेकांवर आडवी ठेवलेली. धर्मगुरूंची प्रार्थना झाली. पेटी खाली गेली. मी मूठभर माती टाकली आणि मागे सरले, आता ते सहाजण पुढे होऊन भरायला लागणार, इतक्यात लोरेटा गर्दीतून आली. तिने माझे दोन्ही हात धरले.

“डेलिया,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “माझ्या पणजोबांच्या वतीने मी तुमच्या घराण्याला माफ केलंय. तुमच्या वडिलांनाही. त्यांनी आता शांत झोपावं.”

कुठल्याशा बाईने हुंदका दिला, आणि कोणीतरी म्हणालं, किती मोठं मन आहे हो. धर्मगुरूंनी मान डोलावली. मी मॅलकीकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. सहाही माणसं फावड्यांवर हात ठेवून वाट बघत उभी होती.

“आभारी आहे,” मी म्हणाले.

खड्डा अजून बुजवायचा होता.